ढोलीतला डावा हात

मी माझ्या सासऱ्यांना कधी पाहिलं नाही. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती ते गेल्यावर, आणि तीही फक्त त्यांच्या उजव्या हाताशी. डावा हात भेटायला पुढे एक अख्खा कार्तिक जावा लागला.

कार्तिक आला की हे आठवतंच. आता मी साकोलीला राहते. घर सिमेंटचं, समोरून दिवसभर ट्रक आणि एसट्या जातात. तरी दिवाळी सरली की एखाद्या सकाळी खिडकीतून कापलेल्या धानाचा वास आत येतो, दवात भिजलेल्या तणसाचा, थोडा आंबूस. तो आला की मी चप्पल काढून अनवाणी चालू लागते. शेजारणी हसतात, म्हणतात म्हातारपणी खूळ लागलं. यंदा त्या वासाबरोबर माझा मुलगा प्रकाश नागपूरहून आला आणि येताना खोकी घेऊन आला. त्याच्या बाबांना जाऊन दोन पावसाळे झाले. घर फार मुकं झालं आहे असं म्हणत त्याने पुस्तकांच्या कपाटावर दोन चिमुकले स्पीकर ठेवले, जेमतेम विटेएवढे, आणि खाली कोपऱ्यात एक काळा चौकोनी डबा. त्याला सबवूफर म्हणतात म्हणे. मग कुठलंसं गाणं लावून तो म्हणाला, "आई, डोळे मिट अन् सांग, ढोलाचा आवाज कुठून येऊन राहिला?"

मी कपाटाकडे बोट दाखवलं. तो खूश झाला.

"चूक. तो खालच्या डब्यातून येते. बराबर जुळवलं ना, का कोणालेच पत्ता लागत नाही."

"माहीत आहे मले," मी म्हटलं.

"तुले कसं माहीत?"

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. त्याला वाटलं मी चहा ठेवायला गेले. मी ऐकत होते.

एकोडीला मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. घर मातीच्या भिंतींचं, वर कौलं. समोरची खोली, मधली खोली आणि मागे स्वयंपाकघर, एकामागे एक. समोरच्या खोलीत खुंटीला एक मृदंग टांगलेला असे, पिवळ्या कापडाच्या खोळीत. खोळ सासूबाई दर सोमवारी धुवायच्या, पण मृदंगाला कोणी हात लावायचा नाही. तो मामाजींचा. मामाजी म्हणजे माझे सासरे. गावच्या भजनी मंडळाचे मृदंगी, आणि अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ते गेले, चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

त्यांची एक कॅसेट होती. कोणा पाहुण्याने आपला छोटा टेपरेकॉर्डर सतरंजीवर ठेवून एका भजनाच्या वेळी भरलेली. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. पण जीव सगळा तारा, झाळण आणि जुन्या रेडिओंच्या पोटात. यांनी सागाच्या फळ्यांचे दोन लहान डबे केले होते, त्यात दोन छोटे स्पीकर, आणि ते पुस्तकांच्या फळीवर, पाचवीच्या गणिताच्या शेजारी मांडलेले. लग्नानंतर पहिल्यांदा यांनी मला काही दाखवलं असेल तर ते हेच. दुसरा कोणी नवरा बायकोला मंडईच्या जत्रेत नेतो. यांनी मला खाली बसवलं आणि म्हणाले, "आयक, हे बाबा."

मी ऐकलं. टाळ होते, माणसांचे आवाज होते, आणि त्यांच्यातून एक टणक, चपळ, कोरडी थाप पळत होती. वाटाणे कढईत उडावेत तशी. मला ते फार आवडले. वाटलं, हे मामाजी चेष्टेखोर असणार.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. कॅसेट सुरू झाली तशा त्या मागे वळल्या. जाताना एवढंच बोलल्या, "अर्धाच मानूस आहे त्याच्यात."

हे मला नंतर समजलं. मृदंगाला दोन तोंडं. उजव्यावर बोल नाचतात, डाव्यातून तो खोल, पोटात उतरणारा आवाज येतो. डाव्या तोंडावर वाजवायच्या आधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा तो घुमतो. त्या कॅसेटमधून, त्या दोन चिमुकल्या डब्यांतून, फक्त उजवा हात ऐकू यायचा. जणू माणूस एका हाताने जेवतो आणि दुसरा पाठीमागे बांधला आहे. एकदा हे ध्यानात आलं की मग ऐकवेना. मी रोज त्या पोकळ जागेकडेच कान लावून बसायची. दुपारी सगळं गाव बांध्यांत कापणीला गेलेलं असे. रस्त्यावर कुत्रंही नसे. त्या शांततेत तो एकटा उजवा हात वाजत राहायचा.

त्या वर्षी काकडआरत्या सुरू झाल्या आणि मंडळातले सीतारामकाका मृदंग मागायला आले. उंच, वाकलेले, हातात कायम टाळांची दोरी.

"वहिनी, खंजेरीवर काकडा करून राहिलो आमी. बरं दिसत नाही. नारायणभाऊचा मृदंग पडून आहे. मंडळातला गोविंदा शिकला आहे आता, तो वाजवन."

आत्याबाई धान निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "देईन ना. नाही कायले म्हनू? पन मले एकदा पूरा मानूस आयकू द्या. त्याच्याबिगर तो खुंटीवरून निंगत नाही."

"कसा आयकवू वहिनी? गेला तो."

"मंग मागू नका."

काका चहा न घेताच गेले. हे म्हणजे आमचे मास्तर आतल्या खोलीत होते, त्यांनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून या माणसाला झपाटलं. आईला बाबांचा डावा हात ऐकवायचा, आणि काकड्याची समाप्ती व्हायच्या आत ऐकवायचा. यांचं म्हणणं असं की डावा हात कॅसेटमध्ये आहेच, या छोट्या डब्यांना तो काढता येत नाही. लहान तोंडाने मोठा घास घेता येत नाही, तसं. त्याला मोठा स्पीकर पाहिजे आणि मोठं पोट.

मोठा स्पीकर लाखनीला एका गिरणीवाल्याच्या मोडक्या रेडिओग्राममधून मिळाला. परातीएवढा. सायकलला बांधून हे घेऊन आले तेव्हा कागदाचा त्याचा पडदा एका जागी फाटला होता, तो यांनी भाताच्या पेजेने आणि पतंगाच्या कागदाने सांधला. मग तांब्याची तार एका लाकडी रिळावर गुंडाळत बसले. मी विचारलं हे काय. म्हणाले, "बांधीतलं पानी कसं एकीकडे अडवून दुसरीकडे सोडतेत, तसं. जाड आवाज याच्यातून मोठ्याकडे जाईन. बारीक आवाज लहान्यांकडे राहीन." एवढं लांब वाक्य नवरा माझ्याशी पहिल्यांदाच बोलला होता. मी तारेचं दुसरं टोक धरून बसले.

राहिलं पोट. एवढी फळी आणायची कुठून? आणि मग यांची नजर ढोलीवर गेली.

मधल्या खोलीत, भिंतीला लागून ढोली उभी होती. बांबूच्या कमच्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली, पुरुषभर उंच. वर्षभराचं धान तिच्यात. वरून ओतायचं, खाली बुडाशी एक बिळाएवढं भोक, त्यातला बोळा काढला की धान बाहेर येतं. कार्तिकात जुनं संपलेलं असतं आणि नवं खळ्यावर असतं. ढोली तेवढ्या दिवसांतच काय ती रिकामी असते. पूर्ण रिकामी मात्र नाही. ओंजळभर धान तळाशी ठेवायचं, ते काढायचं नाही. ढोली पार उपाशी ठेवली तर ती घरातलं माणूस मागते, असं आमच्याकडे म्हणतात. यांनी ओंजळीला हात लावला नाही. वरच्या तोंडावर एक जाड फळी बसवली, तिला गोल भोक पाडून त्यात तो मोठा स्पीकर पालथा ठेवला, फटी मातीने बुजवल्या. बुडाचं भोक उघडं ठेवलं. आत्याबाई बघत होत्या. मला वाटलं रागावतील.

"नवं धान येईस्तोवर," त्या म्हणाल्या. "मंग काढावं लागन."

यांनी मान हलवली.

पहिल्यांदा वाजवलं ती दुपारची वेळ. शाळेला सुट्टी, सीतारामकाकांनाही बोलावलेलं. समोरच्या खोलीत आम्ही बसलो. आत्याबाई नेहमीसारख्या आत निघून गेल्या. कॅसेट सुरू झाली. टाळ आले, गळे आले, उजवा हात आला. आम्ही ताणून ऐकत राहिलो. डावा नव्हता. उलट, होता तेवढा भरीवपणाही कमी झाल्यासारखं वाटलं. मधल्या खोलीतून मात्र एक बारीक सरसर येत होती. मी जाऊन ढोलीला कान लावला. तळाशी राहिलेलं ते ओंजळभर धान आतल्या आत उडत होतं. कोणी आत बसून सुपात पाखडावं तसं. मी मागे सरले आणि पदर सावरला.

काका यांना म्हणाले, "जाऊ दे मधू. केलं तेवढं लय केलं." यांचा चेहरा एवढासा झाला होता.

संध्याकाळी आत्याबाईंनी भात वाढता वाढता अगदी साध्या आवाजात सांगितलं, "तुये बाबा सैपाकघरात वाजवून राहिले होते."

यांचा घास हातातच राहिला. "कोन?"

"तुये बाबा. डाव्या हातानं. निस्त्या डाव्या हातानं."

रात्रभर हे कूस बदलत होते. सकाळी मला हळूच म्हणाले, आईच्या डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला. मी नवी सून. काय बोलणार? पण दुपारी आत्याबाई तळ्यावर गेल्या तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं. हे समोरच्या खोलीत कॅसेट लावतील, मी स्वयंपाकघरात उभी राहीन.

उभी राहिले. चूल विझलेली होती, राखेचा आणि धुराचा वास. चुलीजवळ पितळेचा गुंड पाण्याने भरलेला. मधल्या दोन भिंतींमुळे टाळ आणि गळे इथे पोचतच नव्हते. आधी कानाला काहीच लागलं नाही. मग तळव्यांना लागलं. सारवलेल्या जमिनीतून काहीतरी वर येत होतं. धुम्. थांबून, धुम् धुम्. मी गुंडात पाहिलं. पाण्यावर एकात एक गोल वर्तुळं उमटत होती, विरत होती, पुन्हा उमटत होती. आवाज कुठून येतो ते सांगता येईना. चुलीकडे वळलं तर मागे वाटे, मागे वळलं तर चुलीकडे. माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं, आणि तिथे कोणीतरी होतं.

समोरून हाक आली, "आयकू येते का?"

मी पाण्याकडेच बघत होते. पुन्हा हाक आली. मी कसंबसं ओरडले, "येते जी."

या "येते का" आणि "येते जी" वर आमचे पुढचे काही दिवस गेले. तेव्हा नवराबायको मोठ्यांसमोर एकमेकांशी बोलत नसत. आम्हाला या कामाने परवाना दिला. हे समोरून विचारायचे, मी मागून उत्तर द्यायची, मधे दोन भिंती आणि एक ढोली. खोटं कशाला बोलू, माझा संसार त्या दोन वाक्यांवर उभा राहिला. भीती वाटायची आणि सुखही वाटायचं, आणि दोन्ही एकाच वेळी पोटात एकाच जागी.

यांनी दोन दिवस विचार करून कारण शोधलं. ढोलीच्या स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. दोन्ही तारा एकाच रंगाच्या, मोटरपंपाच्या उरलेल्या. लहान स्पीकर जेव्हा हवा पुढे ढकलत तेव्हा मोठा ती मागे ओढत होता. समोरच्या खोलीत दोघे एकमेकांना मारत होते, म्हणून तिथे काही नाही. मागे लहानांचा आवाज पोचत नव्हता, म्हणून तिथे मोठा एकटा जिवंत. ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. दिवसाउजेडी भुताला तारेची दोन टोकं असतात हे कळलं की बरं वाटतं.

यांनी तारा सुलट केल्या. काकांना पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी कॅसेट लागली आणि समोरची खोली एकदम भरली. मी ते कसं सांगू? फळीवरच्या त्या दोन चिमुकल्या डब्यांमधून अख्खा माणूस बाहेर आला. मांडी घालून, दोन्ही हातांनी, पोटापासून वाजवत. ढोली मधल्या खोलीत होती हे आम्हाला माहीत असूनही कोणाला पटेना. सीतारामकाका रडत होते. "हाच. हाच नारायणभाऊ," एवढंच म्हणत होते. हे उठले ते आईला बोलवायला धावले. मी मागोमाग.

आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या, गुंडाकडे बघत. पाणी काचेसारखं स्थिर. माझ्या तळव्यांनाही काही लागत नव्हतं.

"आई, चाल ना. पूरे वाजून राहिले बाबा. दोन्ही हातानं."

"इथून गेले," त्या म्हणाल्या.

"अवो, तिथं आहेत ते आता. समोर."

"लाव पयल्यासारखं."

"आई, पयले चुकलं होतं. आता बराबर आहे."

त्यांनी वर पाहिलं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही रडल्या नाहीत. "समोरच्या खोलीत मले कायले पायजेत ते? तिथं तर सारे गावाचेच होते. मी कवा तिथं बसली का? बायका आतच. भजनाच्या आधी ते मृदंग घेऊन इथं यायचे. डावं तोंड माह्यासमोर धरायचे. मी कनकीचा गोळा लावायची. मंग ते डाव्या हातानं वाजवून पाहायचे, लागली का बराबर. दोन-चार थापा. बस, तेवढं माह्या वाट्याचं. तेवढंच मी आयकलं आयुष्यभर."

हे दारातच उभे राहिले. समोर काका अजून रडत होते आणि कॅसेट वाजत होती. महिनाभर खपून या माणसाने आपल्या बापाला पूर्ण केलं होतं, आणि आईला तो अपूर्णच हवा होता. मला यांचा चेहरा आठवतो. वाद घालतील असं वाटलं. घातला नाही. मधल्या खोलीत जाऊन स्टुलावर चढले आणि तारा पुन्हा उलट्या केल्या. समोरचा माणूस अर्धा झाला. गुंडातलं पाणी हललं.

यांच्या हिशेबाने, असं यांनीच मला नंतर सांगितलं, सुलट तारांनी मागचा आवाज थोडा कमी व्हायला हवा होता, साफ जायला नको होता. का गेला ते यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. माणूस विज्ञानाचा, त्यामुळे तो विषय निघाला की चष्मा पुसत बसायचे.

मग रोज दुपारी. बाहेर कापलेल्या धानाची पुंजणी रचली जात होती, खळ्यावर चुरणी, म्हणजे मळणी, सुरू झाली होती, वाऱ्यावर भुसा उडून कौलांवर बसत होता. तिसऱ्या प्रहरी तळ्यावरून येणारा वारा गार लागे. आत्याबाई खळ्यावरून घरी यायच्या, पाय धुवायच्या, थोडी कणीक भिजवायच्या. आमच्या घरी तिन्ही त्रिकाळ भात, कणीक लागते ती सणाला किंवा मृदंगाला. मी विचारलं, कोणासाठी. म्हणाल्या, "असू द्यावं तयार. मानूस कवा मागन, सांगता येते का?" मग मला म्हणायच्या, लाव. मी समोर जाऊन बटण दाबून यायची आणि त्यांच्याजवळ बसायची. आम्ही दोघी पाण्याकडे बघायचो. बारीक आवाज कोण काय म्हणतं ते सांगतो. हा जाड आवाज काहीच सांगत नसे, फक्त कोणी आहे एवढं कळवत असे. त्याला न दिशा न जागा. मेलेल्या माणसासाठी याहून बरी सोय मला तरी ठाऊक नाही.

धान ढोलीत भरायचं त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. हे शाळेत होते. कॅसेट अर्ध्यावर आली आणि वीज गेली. त्या दिवसांत जायचीच. समोर टेप मंदावली, गळे जड होऊन त्यांचा एक लांब घोगरा हुंकार तेवढा मागे पोचला आणि बंद पडला. घर एकदम रिकामं झालं. मी उठू लागले तर आत्याबाईंनी माझा हात धरला.

तळव्यांना लागत होतं. धुम्. थांबून, धुम् धुम्. पाण्यावर गोल उमटत होते, अगदी बेताबेताने, कोणी तपासून बघावं तसे. मधल्या खोलीत धान सरसरलं. आत्याबाईंनी कणकेचा गोळा हातात घेतला होता. समोर कोणी बसलं आहे अशा सरळ नजरेने त्या म्हणाल्या, "लागली ना बराबर?"

पुढची थाप आली ती शेवटची. मग पाणी निवत गेलं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "लाईट गेली आहे."

"गेली असन. तिचं काय काम होतं?" त्यांनी हात पदराला पुसला. "सांग मधूले, उद्या ढोली भर म्हना. अन् सीतारामभाऊले म्हना, मृदंग घेऊन जा."

संध्याकाळी मी यांना सांगितलं. यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, पलीकडच्या गावात डिझेलवर धान कांडायचं यंत्र चालते, त्याचे हादरे जमिनीतून येत असतील. किंवा धानाचे खासर गेले असतील गल्लीतून, भरलेल्या बैलगाड्यांनी घर हादरते. असेल. मी नाही म्हटलं नाही. पण रात्री मी यांचा हात सोडला नाही, आणि यांनीही सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी फळी निघाली, मोठा स्पीकर माळ्यावर गेला. पहिली टोपली आत्याबाईंनी ओतली. रिकाम्या ढोलीत धान पडलं तेव्हा केवढा आवाज झाला. मग टोपलीमागून टोपली तो जाड होत गेला, बुजत गेला, आणि शेवटी धानावर धान पडल्याचा तेवढा उरला. सीतारामकाकांबरोबर गोविंदा आला होता. त्याने मृदंग खोळीतून काढला, आणि कोणी न सांगता स्वयंपाकघरात येऊन डावं तोंड आत्याबाईंसमोर धरलं. त्यांनी गोळा लावला. त्याने थाप मारली. त्या म्हणाल्या, "बराबर आहे. जा." आणि चुलीत लाकूड सारलं. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. कॅसेट लाव असं पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

हे सगळं मी प्रकाशला सांगितलं, वीज गेल्याचं सोडून. तो हरखला. ती कॅसेट यांच्या पेटीत होती. कुठूनसं यंत्र आणून त्याने ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि परवा दुपारी त्या चिमुकल्या स्पीकरांवर लावली. टाळ आले, गळे आले, मामाजींचा उजवा हात आला. कपाळाला आठ्या घालून तो काळ्या डब्याजवळ वाकला, त्याच्यावर हात ठेवून पाहिला. पडद्यावर रेषा दाखवू लागला.

"आई, डावा हात नाही याच्यात."

"आहे. तुया बाबानं काढला होता."

"नाही ना. हे पाय, खाली सारं कोरं आहे. त्या वक्ताच्या डब्बा टेपच्या माइकनं तो आवाज धरलाच नाही. जे भरलंच नाही ते निंगन कसं? बाबानं कायचाही स्पीकर लावला तरी."

मी त्या कोऱ्या जागेकडे बघितलं. सीतारामकाकांचं रडणं आठवलं, यांचं स्टुलावर चढणं आठवलं. मग म्हटलं, "त्या डब्याच्या तारा उलट्या लाव."

"त्यानं काय होईन?"

"लाव तू."

त्याने लावल्या. त्याची आई म्हातारी झाली आहे असा चेहरा करून, पण लावल्या. मी स्वयंपाकघरात आले, चप्पल काढली, ओट्याशी उभी राहिले. तांब्यात पाणी होतं. ते हलत होतं, पण ते तर रोजच हलतं, समोरून ट्रक जातात. परातीत पोळ्यांची कणीक भिजवलेली होती. मला यांची फार आठवण आली.

समोरच्या खोलीतून हाक आली, "आयकू येते का?"

"येते जी," मी म्हटलं.

मागचं दार वाजलं. प्रकाश अंगणातून आत आला, हाताला माती, नळाची तोटी बंद करून आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या खोलीकडे.

"कोणाले जी म्हणून राहिली, आई? भजन तर मी बंद करून गेलो होतो."

"कोणाले नाही," मी म्हटलं. "हात धू. पोळ्या टाकते."

तो हात धुवायला वळला. मी परातीतून कणकेचा लहानसा गोळा तोडून बाजूला ठेवला आणि तवा चढवला.